शुद्ध हरपलेले सहा दिवस

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा १९६२ सालचा चित्रपट आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी एकदा तरी पाहिला आहे. पीटर ओटूलचे निळे डोळे, क्षितिजावर ठिपक्यासारखा उगवून हळूहळू जवळ येणारा उंटावरचा ओमर शरीफ आणि आपल्या आय. एस. जोहरची छोटीशी भूमिका एवढे तरी सर्वांना आठवते. पण हा चित्रपट वाळवंटात सुरू होत नाही. तो सुरू होतो इंग्लंडमधल्या एका शांत, हिरव्या रस्त्यावर. एक माणूस मोटारसायकलला किक मारतो, वेग वाढवत जातो, समोर सायकली दिसतात आणि पुढच्या क्षणी फांदीला लटकलेला त्याचा गॉगल तेवढा दिसतो. त्यानंतरचे दृश्य थेट लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधले, स्मृतिसभेचे.

मधले सहा दिवस चित्रपटाने गाळले आहेत. दिग्दर्शकाला दोष देता येणार नाही, कारण त्या सहा दिवसांत पडद्यावर दाखवण्यासारखे काही घडलेच नाही. शेहेचाळीस वर्षांचा एक माणूस लष्करी रुग्णालयातल्या खाटेवर डोळे मिटून पडून होता. तो बोलला नाही, हलला नाही, शुद्धीवर आला नाही. सहाव्या दिवशी गेला. तरीही मला वाटते की या माणसाने जगासाठी जे काही केले, त्यात त्या सहा दिवसांचा वाटा वाळवंटातल्या दोन वर्षांपेक्षा मोठा ठरला. आज त्या सहा दिवसांविषयी लिहायचे आहे.

१३ मे १९३५, सोमवार. डॉर्सेट परगण्यातल्या क्लाउड्स हिल या आपल्या चिमुकल्या घरातून लॉरेन्स सकाळी निघाला आणि जवळच्या बोव्हिंग्टन छावणीच्या पोस्टात गेला. एक पार्सल टाकायचे होते. हेन्री विल्यमसन या लेखकमित्राला दुसऱ्या दिवशी जेवायला ये, अशी तार करायची होती. दोन्ही कामे उरकून तो परत फिरला. घर हाकेच्या अंतरावर आले असताना रस्त्यात एक खोलगट उतार होता. त्या उतारात दोन मुले सायकलवरून चालली होती. ती त्याला उशिरा दिसली. त्यांना वाचवण्यासाठी त्याने गाडी वळवली, एका सायकलच्या मागच्या चाकाला निसटता धक्का लागला आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. मुलाला फारशी इजा झाली नाही. लॉरेन्सचे डोके रस्त्यावर आपटले. डोक्यावर काहीही नव्हते.

त्याला वेगाचे वेड होते हे जगजाहीर होते. ब्रफ सुपीरियर या त्या काळच्या सर्वांत महागड्या मोटारसायकली त्याने एकामागून एक सात घेतल्या, आठवीची मागणी नोंदवलेली होती. ताशी शंभर मैल जाणारे ते यंत्र. पण अपघातानंतर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली आढळली आणि त्या गिअरमध्ये ती ताशी ३८ मैलांपलीकडे जात नसे. आपल्या हिशेबाने साठ किलोमीटर. आपली मुले सकाळी क्लासला उशीर झाला की ज्या वेगाने जातात, साधारण तोच वेग.

तर हा माणूस होता कोण?

लॉरेन्स हे आडनावसुद्धा तसे पाहिले तर त्याचे नव्हते. १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधल्या ट्रेमाडॉग गावी तो जन्मला. वडील थॉमस चॅपमन हे आयर्लंडमधले जमीनदार. पत्नी आणि चार मुली यांना सोडून ते त्या मुलींच्या शिक्षिकेबरोबर निघून गेले. दोघांनी लॉरेन्स हे नाव घेऊन नवा संसार थाटला, पण लग्न कधीच झाले नाही. त्यांना पाच मुलगे झाले, हा दुसरा. १८९६ साली कुटुंब ऑक्सफर्डला स्थिरावले. आईवडिलांचे गुपित या मुलाला लहानपणीच उमगले होते. नावाविषयीची एक अढी त्याच्या मनात तेव्हापासून बसली असावी. पुढे तो नावे कपड्यांसारखी बदलत राहिला.

त्याला किल्ल्यांचे वेड होते, आपल्याकडे गोनीदांना होते तसे. १९०९ च्या उन्हाळ्यात तो सीरियात गेला आणि क्रुसेडच्या काळातले किल्ले पाहत एकट्याने हजार मैलांहून अधिक पायपीट केली. त्या किल्ल्यांवरच्या प्रबंधाने त्याला ऑक्सफर्डची पहिल्या वर्गातली पदवी मिळाली. मग १९११ ते १९१४ कार्केमिश येथे उत्खननात गेली. तिथे तो अरबी शिकला, मजुरांबरोबर राहिला, त्यांच्यासारखा जेवला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा अरबांना ओळखणारा माणूस म्हणून त्याला कैरोला लष्कराच्या गुप्तवार्ता खात्यात घेतले. १९१५ साली त्याचे दोन धाकटे भाऊ फ्रान्सच्या आघाडीवर मारले गेले. हा मात्र कैरोत नकाशे काढत बसला होता. ती टोचणी त्याला कायम राहिली.

इथे एक धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो. १९१५ च्या डिसेंबरपासून इराकमधल्या कुत-अल-अमारा येथे इंग्रजांच्या हिंदी फौजेची सहावी डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिचे नावच ‘पूना डिव्हिजन’ आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. कोकणातली, घाटावरची पोरे तिथे उपासमारीने खंगत होती. त्यांना सोडवण्यासाठी तुर्की सेनापतीला पैसे द्यावेत, अशी एक अजब कल्पना लंडनहून निघाली. त्या कामगिरीवर १९१६ च्या एप्रिलमध्ये जे गेले त्यांत लॉरेन्स होता. दहा लाख पौंड, मग वीस लाख. सेनापतीने नकार दिला. २९ एप्रिलला सुमारे तेरा हजारांची फौज शरण गेली आणि त्यांतले कितीतरी जण कैदेतच मेले. सातारा-रत्नागिरीकडच्या अनेक घरांत मेसोपोटेमियाचा उल्लेख पिढ्यान्पिढ्या होत आला, तो यामुळे.

त्यानंतरची कथा चित्रपटात आहे, म्हणून ती भरभर सांगतो. १९१६ च्या जूनमध्ये मक्केच्या शरीफ हुसेनने तुर्कांविरुद्ध बंड पुकारले. ऑक्टोबरमध्ये लॉरेन्स त्याचा मुलगा फैसल याला भेटला आणि हाच नेता असे त्याने ठरवले. तुर्कांची हिजाझ रेल्वे सुरुंगांनी उडवत राहणे, समोरासमोरची लढाई टाळणे, शत्रूला लांबच लांब मार्गाच्या राखणीत अडकवून ठेवणे हे त्याचे तंत्र. गनिमी कावा म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. ६ जुलै १९१७ रोजी वाळवंटाच्या बाजूने येऊन अकाबा बंदर घेतले. १ ऑक्टोबर १९१८ रोजी दमास्कस. पण इंग्लंड आणि फ्रान्स यांनी तो मुलूख आपसांत वाटून घेण्याचा गुप्त करार १९१६ सालीच केला होता आणि लॉरेन्सला त्याची कल्पना होती. आपण ज्यांना स्वातंत्र्याचे वचन देत आहोत त्यांना ते मिळणार नाही, हे जाणून तो लढत राहिला. ३० ऑक्टोबर १९१८ रोजी राजे पंचम जॉर्ज त्याला किताब द्यायला निघाले तेव्हा त्याने समोरासमोर तो नाकारला.

१९१९ च्या मे महिन्यात रोमजवळ विमान कोसळून दोन्ही वैमानिक गेले, हा मोडक्या हाडांवर निभावला. त्याच वर्षी त्याच्या पराक्रमांचा सचित्र कार्यक्रम करून लोवेल थॉमस या अमेरिकन पत्रकाराने लंडन गाजवले आणि लॉरेन्स रातोरात दंतकथा बनला. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या आठवणींचे जवळजवळ पूर्ण झालेले हस्तलिखित तो रेडिंग स्टेशनवर हरवून बसला आणि सगळे पुन्हा लिहून काढले. ‘सेव्हन पिलर्स ऑफ विस्डम’ हे ते पुस्तक. १९२६ साली निवडक वर्गणीदारांसाठी त्याची देखणी आवृत्ती काढली. किंमत तीस गिनी, खर्च मात्र प्रतीमागे त्याच्या कितीतरी पट. मग काय व्हायचे ते झाले. बँकेत ओव्हरड्राफ्ट चढला. तो फेडण्यासाठी १९२७ साली त्याने पुस्तकाची संक्षिप्त आवृत्ती बाजारात आणली, ती धडाक्याने खपली, आणि कर्ज फिटताच तिचा वरचा सगळा पैसा हवाई दलाच्या निधीला देऊन टाकला. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला असा खातेदार भेटला तर त्याने नमस्कारच करायचा.

पण त्याला कर्जापेक्षा कीर्तीचे ओझे जड झाले होते. १९२२ साली हा माजी कर्नल जॉन ह्यूम रॉस या खोट्या नावाने हवाई दलात अगदी खालच्या हुद्द्यावर भरती झाला. वृत्तपत्रांनी शोधून काढले, तेव्हा काढून टाकण्यात आले. १९२३ साली शॉ हे नाव घेऊन तो रणगाडा दलात शिरला, बोव्हिंग्टन छावणीतच. क्लाउड्स हिलचे घर त्याने तेव्हाच भाड्याने घेतले. १९२५ साली पुन्हा हवाई दल. १९२७ च्या जानेवारीत त्याची नेमणूक कराचीला झाली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तिथून १९२८ साली वझिरीस्तानातल्या मिरानशाहच्या ठाण्यावर, जिथे तो फावल्या वेळात होमरच्या ‘ओडिसी’चे भाषांतर करी. इतक्यात अफगाणिस्तानात अमानुल्लाविरुद्ध बंड झाले आणि त्यामागे लॉरेन्सच आहे अशी आवई उठली. सरकारने घाईघाईने त्याला परत बोलावले. १९२९ च्या जानेवारीत ‘राजपुताना’ जहाजाने तो मुंबईहून निघाला.

त्याच्या शेवटच्या काही वर्षांतले काम मला फार मोलाचे वाटते. १९३१ साली प्लिमथच्या समुद्रात एक विमान कोसळताना त्याने पाहिले. माणसे बुडतात ती बोटी वेळेवर पोचत नाहीत म्हणून, हे त्याच्या मनाने घेतले. त्यानंतर चार वर्षे हा शिपाईगडी जलद बचावबोटींच्या मागे लागला. त्यांची चाचणी, इंजिनाची दुरुस्ती, त्या कशा चालवाव्यात याचे माहितीपुस्तक, सगळे स्वतः केले. पडलेल्या माणसापर्यंत लवकर पोचणे हा ध्यास घेतलेला माणूस तो. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी तो निवृत्त झाला. निवृत्तीचे ते सुरुवातीचे रिकामे दिवस कसे असतात ते मला ठाऊक आहे. घड्याळ तेच असते, पण कुठे जायचे नसते. अडीच महिने तो घराची डागडुजी करत राहिला. मग तो सोमवार आला.

छावणीच्या लष्करी रुग्णालयात त्याला आणले तेव्हा तो पूर्ण बेशुद्ध होता. विचार करा. लॉरेन्स, रॉस, शॉ ही सारी नावे रुग्णालयाच्या दाराबाहेर राहिली. बेशुद्ध माणसाला नाव नसते, हुद्दा नसतो. तो सांगू शकत नाही की मला इथे दुखते आहे, माझी ही औषधे चालू आहेत. डॉक्टरांना इतर कोणत्याही आजारात रोग्याची जी पहिली मदत मिळते, ती म्हणजे त्याचे बोलणे, ती इथे नसते. आयुष्यभर नाव टाकून देण्याची धडपड केलेल्या माणसाला अखेर ते असे टाकता आले.

लंडनहून मोठमोठे डॉक्टर आले. राजवैद्य फारकर बझर्ड आले. त्यांच्याबरोबर एक अडतीस वर्षांचे शल्यविशारदही आले, ह्यू केर्न्स. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली मेंदूची शस्त्रक्रिया शिकून आलेले. इंग्लंडमध्ये त्या वेळी या विद्येचे जाणकार बोटांवर मोजण्याएवढे होते. कवटीला डाव्या बाजूने लांब भेग गेली होती, आतला मेंदू फाटला होता. करण्यासारखे फार थोडे होते. ऑक्सिजन, इंजेक्शने, आणि वाट पाहणे. पुढे फुप्फुसांत पाणी साचू लागले. बेशुद्ध माणसाला खोकता येत नाही, घशातली लाळ श्वासनळीत उतरते, आणि मेंदूच्या दुखण्याने आलेला माणूस छातीच्या दुखण्याने जातो. १९ मे १९३५ रोजी रविवारी सकाळी आठच्या सुमाराला श्वास थांबला. जगता तरी वाचा आणि स्मृती गमावून जगला असता, असे डॉक्टरांचे मत पडले. त्याची आई आणि थोरला भाऊ त्या वेळी दूर चीनमध्ये होते. २१ तारखेला मोरटनच्या खेड्यातल्या दफनभूमीत त्याला निरोप दिला, तेव्हा चर्चिल यांना अश्रू आवरले नाहीत.

छावणीने बाळगलेल्या गुप्ततेमुळे घातपाताच्या वावड्या उठल्या, कुठल्याशा काळ्या मोटारीचीही चर्चा झाली. चौकशीचा निर्णय अपघाती मृत्यू असा झाला. या वावड्यांवर आजवर बरीच पाने लिहिली गेली. खरी गोष्ट मात्र निराळ्याच माणसाच्या डोक्यात सुरू झाली होती. ती सांगण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे.

१९८० च्या आसपासची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी मी बँकेत अधिकारी होतो. सहामाही क्लोजिंगची रात्र होती. ताळेबंद जुळायला एक वाजला. आमचा एक सहकारी, वय पस्तीस, खतावणीच्या आख्ख्या पानाची तोंडी बेरीज करणारा, स्कूटरवरून निघाला. आम्ही दोघे-तिघे मागून पायी येत होतो. नाक्यावर कुत्रे आडवे आले आणि तो पडला. वेग कसला, नुकतीच स्कूटर सुरू केलेली. क्षणभर त्याचे भान गेले, मग तो उठून बसला, कपडे झटकले, आम्हालाच धीर देऊ लागला. रक्ताचा थेंब नव्हता. रक्त नाही म्हणजे काही नाही, असे आम्हाला वाटले. घरी नेले, वहिनींनी चहा केला. थोड्या वेळाने डोके दुखते म्हणाला, एकदा उलटी झाली, आणि झोप येते म्हणून आडवा झाला. वहिनी घाबरल्या होत्या. झोपू द्या त्याला, दमलाय, असे मीच म्हणालो.

पहाटे तो उठेना. घोरण्याचा आवाज विचित्र येत होता. जीप मिळवून जिल्ह्याच्या रुग्णालयात नेईपर्यंत सात वाजले. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने एका डोळ्यावर टॉर्च मारला, मग दुसऱ्या, आणि मला विचारले, हे शेवटचे नीट कधी बोलले? मी उत्तर देऊ शकलो नाही. ज्याला मी झोप समजलो ती झोप नव्हती. कवटीच्या आत रक्तवाहिनी फुटून रक्त साठत होते. माणूस आधी शुद्धीवर येतो, बोलतो, आणि मग तासा-दोन तासांत पुन्हा बुडतो, हे या दुखापतीचे कपट आहे. मधल्या शहाण्या तासात शस्त्रक्रिया झाली तर असा माणूस ठणठणीत घरी जातो. आम्ही तो तास चहात घालवला.

तो वाचला. आठ महिन्यांनी कामावर आला. पण बेरीज करताना मधेच थांबून पेन्सिलीकडे पाहत राही. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो. वहिनींनी मला कधीही काही म्हटले नाही.

त्यानंतर वर्षानुवर्षे मी मिळेल ते या विषयावर वाचत गेलो, आणि वाचता वाचता केर्न्स यांच्यापाशी येऊन पोचलो.

केर्न्स १९३७ साली ऑक्सफर्डला शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. दुसरे महायुद्ध सुरू होताच तिथल्या सेंट ह्यूज या मुलींच्या कॉलेजात डोक्याच्या जखमींसाठी खास लष्करी रुग्णालय उभे राहिले. तिथे त्यांच्या लक्षात आले की तोफगोळ्यांनी नव्हे, तर आपल्याच देशात मोटारसायकलवरून निरोप पोचवताना पोरे मरत आहेत. ब्लॅकआउटमुळे रस्ते अंधारे. त्यांनी आकडे मांडले. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले होते. हेल्मेट घातलेले असताना डोक्याला मार लागल्याची उदाहरणे त्यांना शोधून शोधून सात सापडली. त्या सातांपैकी एकही जण दगावला नव्हता. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा लेख आला आणि नोव्हेंबरमध्ये लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

हेल्मेट नवे नव्हते. शर्यतींत ते १९१४ पासून होते. पण ती शर्यतवाल्यांची चैन, साध्या माणसाला काय करायचे, अशी समजूत होती. केर्न्स यांनी हॉलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाला हाताशी धरले. हॉलबर्नने जिलेटीनचा मेंदू करून तो धक्क्याने आत कसा गरगरतो, कसा फाटतो ते दाखवले. कवटी ही बंद पेटी आहे आणि आत जेलीसारखा मऊ पदार्थ आहे. पेटी थांबते, जेली थांबत नाही. हेल्मेट पेटीला जरा सावकाश थांबवते. त्याचे काम एवढेच, आणि ते पुरते. हेल्मेटच्या सक्तीनंतर मृत्यू कसे उतरत गेले याचा आलेख केर्न्स यांनी १९४६ साली छापला. १९५२ साली ते गेले. ब्रिटनमध्ये सर्वांसाठी सक्तीचा कायदा यायला १९७३ साल उजाडले. ज्या शल्यविशारदाने लॉरेन्सच्या खाटेपाशी हात टेकले, त्याने पुढे कित्येकांना त्या खाटेपर्यंत येऊच दिले नाही. मेंदूच्या डॉक्टराने चाकू बाजूला ठेवून टोपीचा आग्रह धरावा, यात त्याची नम्रता आणि शहाणपण दोन्ही आहे.

बेशुद्ध माणसाला समजून घेण्याची विद्याही त्यानंतर पुढे गेली. शुद्ध ही नुसती आहे किंवा नाही अशी गोष्ट नसते, तिच्या पायऱ्या असतात. खुद्द केर्न्स यांनी १९४१ साली मेंदूत गाठ झालेल्या एका मुलीची हकिगत लिहिली. ती डोळे उघडे ठेवून पाही, पण ना बोले ना हाले. गाठीतले पाणी काढले की ती भानावर येई. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी या पायऱ्यांना आकडे दिले. डोळे उघडण्याचे चार, बोलण्याचे पाच, हातपाय हलवण्याचे सहा. एकूण पंधरा म्हणजे पूर्ण शुद्ध, तीन म्हणजे काहीच प्रतिसाद नाही. आठ किंवा त्याखाली आले की माणूस आपला श्वासमार्ग आपण सांभाळू शकत नाही असे धरतात आणि नळी घालण्याची तयारी करतात. सातवर असलेला रोगी तासाभरात पाचवर आला हे रात्रपाळीची नर्ससुद्धा कागदावर दाखवू शकते. बँकेच्या माणसाला याचे महत्त्व लगेच कळते. जे नोंदले जात नाही ते निसटते.

बेशुद्ध रोगी दारात आला की आज डॉक्टर आधी श्वास, रक्तदाब आणि रक्तातली साखर पाहतात. मधुमेहाचा रोगी साखर उतरून बेशुद्ध झाला असेल तर ग्लुकोज देताच काही मिनिटांत तो उठून बसतो. अर्धांगाचा झटका, फिट, कीटकनाशक, मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे दुखणे, कारणे पुष्कळ. आपल्याकडे मण्यार चावलेला माणूस कित्येकदा बेशुद्ध वाटतो. पापण्या मिटलेल्या, अंग लुळे. पण त्याला सगळे ऐकू येत असते. म्हणून खाटेजवळ भलतेसलते बोलू नये, असे जाणते डॉक्टर सांगतात. त्यानंतर सी. टी. स्कॅन. त्याचा रोग्यावरचा पहिला उपयोग लंडनमध्ये १९७१ साली झाला. लॉरेन्सच्या वेळी कवटीत डोकावण्याची ती खिडकीच नव्हती.

पण या सर्व यंत्रांच्या आधी आपण असतो, घरचे आणि रस्त्यावरचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. कांदा हुंगवण्यात, चप्पल नाकाला लावण्यात वेळ घालवू नये. पडून जखमी झालेल्याची मान वाकडी होऊ देऊ नये. डोक्याला मार लागल्यावर उलटी झाली, डोके वाढते दुखू लागले, भलत्या वेळी झोप येऊ लागली, तर ती विश्रांती नव्हे, ती हाक आहे. १०८ ला फोन करावा. रुग्णालयात जाताना घरातली औषधांची पाकिटे बरोबर न्यावीत. आणि घड्याळ पाहून ठेवावे: कधी पडला, शेवटचे नीट कधी बोलला. बेशुद्ध माणसाची वाचा आपण असतो.

हेल्मेटचे काय सांगावे! मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्यात हेल्मेट आहे. तरीही पुण्यात सक्तीचा विषय निघाला की मोर्चे निघत आले. उकडते, केस जातात, मागचे ऐकू येत नाही, गावात कुठे वेग असतो, ही कारणे मीही दिली आहेत. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक पाहण्या एकत्र करून काढलेले अनुमान आहे. टक्केवारी मला नोकरीत पुष्कळ मोजावी लागली, पण एवढे चांगले व्याज देणारी दुसरी ठेव माझ्या पाहण्यात नाही.

आज रविवार आहे. दुपारी कुणीतरी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणेल, काहीतरी पोचवायचे असेल, काहीतरी आणायचे असेल. लॉरेन्सही पोस्टापर्यंतच गेला होता. आमच्या दाराशी खुंटीला एक हेल्मेट टांगलेले असते. नातू त्याच्या समोरून निसटू लागला की मी काही बोलत नाही, नुसता दारात उभा राहतो. तो हसतो, कुरकुरतो, आणि पट्टा लावतो. पट्टा लागल्याचा तो टक् असा आवाज ऐकल्याशिवाय मी बाजूला होत नाही.